बदलते हवामान आणि गोव्याची खाजन शेती

गोव्याच्या नदीकाठच्या गावांत भातपिकाचे भवितव्य दोन गोष्टींवर ठरत आलेले आहे. एक म्हणजे आकाशातून पडणारा पाऊस आणि दुसरी म्हणजे खाऱ्या पाण्याला शेताबाहेर थोपवून धरणारा मातीचा बांध. पावसाचा काळ बदलत आहे आणि समुद्राची पातळीही हळूहळू वर चढत आहे. अशा वेळी खाजन शेतीवर कोणते परिणाम होतात, त्यांपैकी कोणते टाळणे गावाच्या हाती आहे आणि त्यासाठी काय केले पाहिजे, याचा विचार शेतकऱ्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि शिक्षकांनीही करणे अगत्याचे आहे. प्रस्तुत पाठाचा हेतू तोच आहे.

खाजन म्हणजे काय?

गोव्यातील भातशेतीचे जमिनीच्या उंचसखलपणावरून स्थूलमानाने तीन प्रकार केले जातात. डोंगरउताराची ती मोरड, मधल्या सखल रेताड पट्ट्यातील ती केर आणि नदीमुखाजवळची, भरतीच्या पाण्याच्या पातळीहूनही खाली असलेली ती खाजन. तिसवाडी, बार्देश, सासष्टी, फोंडा इत्यादी तालुक्यांत मांडवी, जुवारी आणि अन्य नद्यांच्या काठी ही जमीन पसरलेली आहे. तिचे एकूण क्षेत्र साधारणतः १८ हजार हेक्टर सांगितले जाते. चोडण, दिवाडी, सांतइस्तेव, आगशी, शिवोली या गावांची ओळखच मुळी खाजनांशी निगडित आहे.

ही जमीन निसर्गाने आयती दिलेली नाही. भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारी दलदल बांध घालून मानवाने लागवडीखाली आणली. हे काम किती प्राचीन आहे याची साक्ष बांदिवडे येथील ताम्रपट देतो. कोकणच्या मौर्य घराण्यातील राजा अनिर्जितवर्मन याचा हा ताम्रपट सुमारे सहाव्या शतकातील मानला जातो आणि त्यात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख आहे. म्हणजे जवळजवळ दीड हजार वर्षे गोव्यातील शेतकरी समुद्राशी सीमा आखून शेती करीत आलेला आहे.

बांध, मानस आणि पोंय

खाजनाची रचना समजून घेतल्याशिवाय हवामानबदलाचा परिणाम समजणार नाही. नदीच्या कडेने चिकणमातीचा जाड बांध असतो. लाटांचा मारा जेथे अधिक, तेथे त्याला नदीच्या बाजूने जांभ्या दगडाचे अस्तर दिलेले असते. बांधाला ठराविक ठिकाणी पाण्याचा मार्ग ठेवलेला असतो व त्यावर लाकडी दारे बसविलेली असतात. त्यालाच मानस म्हणतात. मानशीच्या आतील बाजूस खोलगट तळे असते. ते पोंय होय. शेतातील पाणी चरांवाटे पोंयीत येते आणि तेथून मानशीवाटे नदीत जाते.

मानशीची दारे नदीच्या बाजूस उघडतात. भरती सुरू झाली की नदीच्या पाण्याचा दाब दारांवर पडून ती आपोआप मिटतात व खारे पाणी बाहेर राहते. ओहोटी लागून नदीचे पाणी शेतातील पाण्याच्या पातळीखाली गेले की आतल्या पाण्याच्या दाबाने दारे उघडतात आणि साचलेले पावसाचे पाणी बाहेर पडते. दिवसभरात दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात. यासाठी विजेचा पंप लागत नाही की रखवालदार लागत नाही. एका साध्या दारावर पाण्याचाच दाब कामाला लावणारी ही रचना पूर्वजांच्या व्यवहारी शहाणपणाचा उत्तम नमुना आहे.

पावसाळ्यात शरद भाताचे पीक आणि कापणीनंतर पोंयीत व मानशीपाशी मासळी, अशी या जमिनीची दुहेरी उपयुक्तता आहे. मानशीवरील मासेमारीच्या हक्काचा दरवर्षी लिलाव होतो, तो याच कारणाने.

हवामानात काय बदलत आहे?

हवामानबदल हा शब्द आता सर्वांच्या कानांवर पडतो, परंतु त्याचा नेमका आकडा क्वचितच डोळ्यांसमोर असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान समितीने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. वाढीचा वेगही सारखा राहिला नाही. १९०१ ते १९७१ या काळात तो वर्षाला १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ या काळात तो ३.७ मिलिमीटर झाला. समुद्राचे पाणी तापून प्रसरण पावते आणि हिमनद्या व ध्रुवप्रदेशांतील बर्फ वितळून समुद्रात येतो, ही त्याची मुख्य कारणे होत.

भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधील अहवालाप्रमाणे उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१७ या काळात पातळी दरवर्षी सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढली. पावसाविषयी त्याच अहवालात नमूद केलेल्या बाबी शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पाऊस एकंदरीत सुमारे ६ टक्क्यांनी घटला व ही घट गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात विशेष दिसून आली. १९५१ ते १९८० या काळाच्या तुलनेने १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातील कोरड्या खंडांचे प्रमाण २७ टक्क्यांनी वाढले. याउलट मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. पाऊस एकंदर कमी, पण पडेल तेव्हा धोधो, आणि मध्येच दीर्घ उघडीप, असे हे चित्र आहे. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे गांभीर्य लक्षात येईल.

चार बोटांचा फरक

वर्षाला ३.३ मिलिमीटर ही वाढ ऐकण्यास क्षुल्लक वाटते. पंचवीस वर्षांत ती सुमारे ८ सेंटिमीटर होते, म्हणजे जेमतेम चार बोटे. उधाणाच्या दिवशी गोव्याच्या किनाऱ्यावर भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत सुमारे दोन मीटरचे अंतर पडते. त्यापुढे चार बोटांची काय मातब्बरी, असा प्रश्न कोणीही विचारील.

त्याचे उत्तर मानशीच्या दाराशी मिळते. नदीचे पाणी शेतातील पाण्याहून खाली गेल्याशिवाय दार उघडत नाही. नदीची सरासरी पातळी चार बोटे वर चढली, तर ओहोटीच्या वेळी दार थोडे उशिरा उघडते आणि भरती लागताच थोडे लवकर मिटते. शेतातील पाणी बाहेर पडण्यास मिळणारा अवधी प्रत्येक ओहोटीला कमी होतो, आणि हे दिवसातून दोनदा, सबंध पावसाळाभर घडत राहते. त्याच वेळी पाऊस मात्र पूर्वीपेक्षा थोड्या वेळात अधिक कोसळतो. आत येणारे पाणी वाढले आणि बाहेर जाण्याचा वेळ घटला, तर शेत तुंबून राहणार हे उघड आहे. रोपे दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली की कुजतात.

दुसरा परिणाम बांधाच्या माथ्यावर होतो. मातीचा बांध स्वतःच्या भाराने दरवर्षी थोडा खचत असतो. पाणी वर येत आहे आणि बांध खाली बसत आहे, अशा स्थितीत उधाणाच्या भरतीला बांधावरून पाणी ओसंडण्याचा धोका वाढतो. त्यातच अरबी समुद्रातील वादळांची भर पडली आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. त्याच वर्षी जुलैत म्हादईला मोठा पूर आला व सत्तरी तालुक्यातील गावांचे नुकसान झाले. वरून पूर आणि खालून उधाण एकाच वेळी आले, तर मधले खाजन दोन्हींच्या कचाट्यात सापडते.

क्षार आणि भाताचे रोप

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मुळांभोवतीच्या ओलाव्यात लिटरमागे सुमारे २ ग्रॅमहून अधिक क्षार झाले की सामान्य भाताचे उत्पन्न घटू लागते. म्हणजेच समुद्राच्या पाण्याचा एक घडा सोळा-सतरा घडे गोडे पाणी बिघडविण्यास पुरेसा आहे. बांधाला पडलेले लहानसे भगदाड शेकडो शेतांचे नुकसान कसे करते, हे यावरून समजेल.

मांडवी व जुवारी या नद्यांत भरती-ओहोटीचा प्रभाव मुखापासून आत सुमारे ५० किलोमीटरपर्यंत जाणवतो. उन्हाळ्यात वरून येणारे गोडे पाणी आटले की खारेपण नदीत दूरवर शिरते. त्या दिवसांत खाजनाच्या मातीवर क्षारांचा पांढरट थर दिसतो. जूनमधील पहिल्या जोरदार सरींनी हे क्षार विरघळतात व ते पाणी मानशीवाटे बाहेर सोडले जाते. जमीन अशी धुऊन निघाल्यावरच मोड आलेले बियाणे पेरण्याची रीत आहे.

येथेच कोरड्या खंडाचा घाला बसतो. पहिल्या पावसावर भरवसा ठेवून पेरणी केली आणि नंतर दोन आठवडे उघडीप पडली, तर वरची माती सुकू लागते आणि खालच्या थरातील क्षार ओलाव्याबरोबर पुन्हा वर चढतात. भाताचे बी खाऱ्या मातीतही बऱ्यापैकी उगवते. परंतु दोन-तीन पानांवर आलेले रोप अत्यंत नाजूक असते. ते पिवळे पडून करपते. फुटवे येण्याच्या काळात रोपाची सहनशक्ती वाढते आणि फुलोऱ्यात ती पुन्हा कमी होते. म्हणून शेतकऱ्याने केवळ उगवण पाहून निर्धास्त राहू नये.

कापणीच्या दिवसांतील पाऊस हे तिसरे संकट होय. २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात अरबी समुद्रात ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ उठले. त्या सुमारास झालेल्या पावसाने गोव्यात कापणीस आलेले भात आडवे केले. पिकून तयार झालेले कणीस पाण्यात पडून राहिले की दाण्यांना मोड येतात व वर्षाचा घास हातचा जातो.

कोरगुटाचे मोल

या संकटावर पूर्वजांनी शोधलेला एक उपाय अद्याप शेतातच आहे. कोरगुट, आसगो, खोचरी या गोव्यातील पारंपरिक खारसहिष्णू भातजाती होत. कोरगुटाचा तांदूळ लाल असतो व त्याची पेज अनेक घरांत आजही आवडीने घेतली जाते. शेजारच्या कर्नाटकात किनारपट्टीवर ‘कग्गा’ आणि केरळात ‘पोक्काळी’ या भातजाती हेच काम करीत आलेल्या आहेत. महाराष्ट्रात पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल’ नावाच्या जाती दिल्या.

अधिक उत्पन्न देणाऱ्या ‘जया’, ‘ज्योती’ यांसारख्या जाती आल्यावर कोरगुटाची लागवड मागे पडली. त्यात शेतकऱ्याची चूक नव्हती. कोरगुट उंच वाढून लोळतो आणि त्याचे उत्पन्नही कमी असते. हे ध्यानात घेऊन जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेने ‘गोवा धान १’ ते ‘गोवा धान ४’ या खारसहिष्णू जाती प्रसारित केल्या. त्यांपैकी पहिल्या दोन कोरगुटातूनच निवड करून सिद्ध केलेल्या आहेत. जुने बियाणे कोणीतरी जपून ठेवले, म्हणूनच नवे बियाणे निर्माण होऊ शकले, हा यातील बोध आहे.

अन्नसुरक्षेचा प्रश्न

गोव्यात पिकणारा तांदूळ गोव्याला पुरत नाही. बराचसा तांदूळ बाहेरून येतो आणि भाजीसाठी बेळगावच्या वाटेकडे डोळे लावावे लागतात. असे असता थोडे खाजन पडीक गेल्याने काय बिघडते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी अलीकडच्या दोन घटना आठवाव्यात. मार्च २०२२ मध्ये उत्तर भारतात अकाली उष्णतेची लाट आली, गव्हाचे दाणे भरण्याआधीच सुकले आणि मे महिन्यात केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. त्या वर्षी काही राज्यांत शिधापत्रिकेवरील गव्हाचा काही हिस्सा कमी करून त्याऐवजी तांदूळ देण्यात आला. जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवरही बंदी घालावी लागली; ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठविण्यात आली.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ या कायद्याने धान्याचा हक्क दिलेला आहे, परंतु हक्काचे धान्य कोठेतरी पिकावेच लागते. पंजाबमध्ये उष्मा वाढला तर त्याची झळ गोव्यातील रास्त भावाच्या दुकानापर्यंत येते. जो प्रदेश आपल्या गरजेचा काही भाग तरी स्वतः पिकवितो, त्याला ही झळ कमी सोसावी लागते. शिवाय खाजनाचा बांध फक्त भात राखत नाही. त्याच्यामागे घरे असतात, विहिरी असतात, रस्ते असतात. बांध गेला की विहिरीचे पाणीही खारट होते.

संयुक्त जबाबदारी

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पडीक पडलेल्या प्रत्येक खाजनाचा दोष हवामानाच्या माथी मारता येणार नाही. मजुरीचा वाढता खर्च, तरुणांनी शेतीकडे फिरविलेली पाठ, बार्जेसच्या लाटांनी झिजलेले बांध, बुजविलेल्या पोंयी आणि मासळीच्या लोभाने अवेळी उघडी ठेवलेली मानशीची दारे, ही सर्व कारणे माणसांनी निर्माण केलेली आहेत. समुद्र वर चढत असल्याने या हेळसांडीची किंमत मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मोजावी लागते.

पूर्वी बांधाची देखभाल गावकरी, म्हणजेच कोमुनिदाद, आणि खाजनधारकांच्या भौस या संस्था करीत असत. भगदाड पडल्याची हाक आली की घरटी एक माणूस बांधावर जात असे. १९६४ च्या कृषी कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले व ते न्याय्यच होते. त्याबरोबर बांधाचे ओझेही त्याच्याकडे आले. म्हणून १९७५ साली कुळांच्या संयुक्त जबाबदारीविषयीचे नियम करण्यात आले आणि मामलेदारांच्या देखरेखीखाली कूळ संघ अस्तित्वात आले. बांध व मानशी राखणे हे या संघांचे मुख्य कार्य आहे. ‘संयुक्त’ या शब्दाचा अर्थ येथे अक्षरशः घ्यावयास हवा. एकाने आपल्या शेताची कितीही निगा राखली, तरी शेजारच्या तुकड्यातील भगदाडातून आलेले पाणी त्याचे शेत वगळून जात नाही.

गावाने काय करावे?

१. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आधी बांधाची पायी फिरून पाहणी करावी. खेकडे व उंदीर यांनी पाडलेली बिळे लहान असतानाच चिकणमातीने ठासून बुजवावीत. टोपलीभर मातीने आज होणारे काम आठवड्याभराने ट्रकभर दगडांनीही होत नाही.

२. मे महिना संपण्यापूर्वी मानशीची दारे तपासावीत. कुजलेली फळी बदलावी, दारात अडकलेला पाला व गाळ काढावा.

३. पोंय बुजू देऊ नये. दार बंद असण्याच्या काळात पावसाचे पाणी साठविण्याची जागा तीच आहे. भरतीची मुदत जसजशी लांबेल, तसतशी पोंयीच्या खोलीची गरज वाढेल.

४. बांधाची दुरुस्ती करताना माथ्याची उंची जुन्या खुणेवर न ठेवता अलीकडच्या सर्वांत मोठ्या उधाणाच्या खुणेवर ठरवावी. मोठ्या कामासाठी कृषी संचालनालयाच्या मृदसंधारण विभागाशी वेळीच संपर्क साधावा.

५. बांधाच्या नदीकडील कांदळवन लाटांचा जोर मोडते, ते राखावे. शेतात मात्र ते रुजू देऊ नये. एकदा शेत कांदळवन झाले की कायद्याने ते तोडता येत नाही आणि शेत कायमचे जाते.

६. मानशीच्या लिलावाचे उत्पन्न प्रथम बांधावर खर्च व्हावे व त्याचा हिशेब संघाच्या सभेत वाचून दाखवावा.

७. सखल शेतांत खारसहिष्णू जातीच लावाव्यात. गावातील निदान काही कुटुंबांनी शुद्ध कोरगुटाचे बियाणे दरवर्षी राखून ठेवावे. रोपवाटिका उंच जागी करावी, म्हणजे पहिली पेरणी करपली तरी हाती रोपे राहतील.

८. पिकाचे नुकसान झाल्यास विनाविलंब विभागीय कृषी कार्यालयास कळवावे.

शिक्षकांसाठी उपक्रम

हा विषय वर्गात एका सोप्या प्रयोगाने समजावून देता येईल. चार कुंड्यांत सारखी माती घालून प्रत्येकीत वीस भाताचे दाणे पेरावेत. एका कुंडीला साधे पाणी, दुसरीला लिटरमागे ३ ग्रॅम, तिसरीला ६ ग्रॅम व चौथीला ९ ग्रॅम मीठ विरघळविलेले पाणी द्यावे. पहिल्या आठवड्यात किती दाणे उगवले आणि तीन आठवड्यांनी किती रोपे हिरवी राहिली, याची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी. शक्य असल्यास तोच प्रयोग कोरगुटाच्या दाण्यांवर करून दोन्ही तक्ते शेजारी लावावेत. त्यानंतर पुढील प्रश्न विचारावेत.

१. भरतीच्या वेळी मानशीचे दार कोण मिटवितो?
२. समुद्राची पातळी वाढल्यास शेतातील पावसाचे पाणी बाहेर जाण्यास अधिक वेळ का लागतो?
३. आपल्या गावातील बांध किती लांब आहे? त्यावर मानशी किती? त्या शेवटच्या केव्हा दुरुस्त झाल्या?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. विद्यार्थ्यांनी ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि शक्य झाल्यास त्यांच्यासमवेत ओहोटीच्या वेळी बांधावरून चालत जाऊन स्वतः पाहून यावे. जगातील समुद्राची पातळी रोखणे एका गावाच्या शक्तीबाहेरचे आहे. मानशीची कुजलेली फळी पावसाळ्यापूर्वी बदलणे मात्र त्या गावाच्याच हाती आहे.